घशाशी येतं तेव्हा

रात्रीचा दीड वाजलेला. घर झोपलेलं. आणि तुम्ही ताडकन उठून बसता. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी आग, घशाशी काहीतरी आंबट-कडू आलेलं, गिळलं तरी पुन्हा चढतंय. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात जाता, फ्रिजमधलं गार दूध पिता, फ्रूट सॉल्टची पुडी शोधता आणि आग शमेपर्यंत ओट्याला टेकून उभे राहता.

अशा रात्रीनंतर लोक विचारतात, ‘काल तर तिखटाला हातसुद्धा लावला नव्हता. मग इतकं पित्त अचानक झालं कसं?’ दुसरा एक प्रश्न ते जरा आवाज उतरवून विचारतात, ‘हे छातीचं तर नसेल ना?’

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हे बहुतेक सगळं प्रकरण जाणार आहे, कारण त्या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. आम्ल त्या रात्री नव्याने ‘झालेलं’ नसतं. ते रोजच्याइतकंच असतं, फक्त भलत्या जागी गेलेलं असतं. पण दुसरा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून तो आधी.

१. एक घंटा, दोन बिऱ्हाडं

जुन्या वाड्यात कधी कधी दोन बिऱ्हाडांना मिळून दारावर एकच घंटा असे. घंटा वाजली की कुणाकडे पाहुणा आलाय ते आतून कळत नसे. छातीत तशीच व्यवस्था आहे. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते, आणि दोघांकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास त्याच मणक्यांपाशी शिरतात. मेंदूला घंटा ऐकू येते, पण बिऱ्हाड कोणतं ते खात्रीने सांगता येत नाही.

काही खुणा मात्र मदत करतात. आम्लाची जळजळ बहुधा जेवणानंतर येते, खालून वर चढते, वाकलं किंवा आडवं झालं की वाढते, तोंडात आंबट पाणी आणते. हृदयाचं दुखणं जळण्यापेक्षा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं. छातीवर कुणी बसलंय असं लोक सांगतात. ते डाव्या हातात, खांद्यांत, जबड्यात किंवा पाठीत पसरू शकतं. सोबत गार घाम येतो, दम लागतो, जिना चढताना ते वाढतं.

आता या खुणांची मर्यादा. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि पुष्कळदा स्त्रियांनाही हृदयविकाराचा झटका असा पुस्तकातल्यासारखा येत नाही. नुसती मळमळ, थकवा, धाप किंवा ‘गॅस अडकल्यासारखं’ वाटणं एवढंच होतं. ढेकर आला आणि बरं वाटलं, किंवा अँटासिडने आग कमी झाली, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. माझ्या वडिलांच्या एका स्नेह्यांनी अशाच एका पहाटे ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा-लिंबू घेतलं आणि तासभर वाट पाहिली. त्यांच्या हृदयाला तोच तास हवा होता.

म्हणून दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असेल, घाम किंवा धाप असेल, हात-जबड्याकडे जात असेल, किंवा चाळिशी उलटलेल्या आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही मागे असलेल्या माणसाला ते पहिल्यांदाच होत असेल, तर डबे धुंडाळू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर फोन करा आणि ईसीजीपर्यंत पोहोचा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी नीट आला तरी डॉक्टर काही तास थांबवून तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. शेवटी ‘ॲसिडिटीच होती’ असं निघालं, तर ती रात्र मुळीच वाया गेलेली नसते.

२. या घडीला काय करायचं

जळजळ ओळखीचीच आहे आणि वरचं काही नाही, असं धरू. मग पहिलं काम : आडवं राहू नका. ताठ बसा किंवा उभे राहा. पायजम्याची नाडी, पट्टा, परकर सैल करा. दोन-चार घोट साधं पाणी प्या म्हणजे अन्ननलिकेच्या भिंतीला लागलेलं आम्ल खाली धुतलं जाईल. तांब्याभर पाणी पिऊ नका, कारण पोट ताणलं की अडचण वाढते, आणि ती का वाढते ते पुढे येईलच.

औषध घरात असेल तर पातळ अँटासिड, बाटली नीट हलवून, किंवा चघळायची गोळी दाताने बारीक करून. काही मिनिटांत आराम पडतो. औषध नसेल तर खडीसाखरेचा खडा तोंडात धरा. साखरेचा त्यात काही गुण नाही, गुण आहे तो लाळेचा. लाळेत बायकार्बोनेट असतं, म्हणजे थोडा थोडा सोडाच, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर तो आम्लावर उतरत राहतो. जागेपणी आपण नकळत सारखे गिळत असतो. गाढ झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणंही. रात्रीची जळजळ दिवसापेक्षा जास्त वेळ का टिकते, याचं अर्धं कारण हे.

गार दुधाबद्दल सगळेच विचारतात. दूध आम्लाला तात्पुरतं सौम्य करतं, म्हणून पहिला घोट अमृतासारखा वाटतो. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल पाझरायला सांगतात. १९१५ साली शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिप्पी यांनी अल्सरच्या रोग्यांना तासातासाला दूध-साय आणि सोबत क्षार देण्याची पद्धत मांडली. ती कित्येक दशकं चालली, आणि काही रोग्यांच्या रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं की मूत्रपिंडांना इजा झाली. दोन घोट दूध घ्यायला हरकत नाही. सायीसकट पेलाभर दूध पिऊन लगेच आडवं होणं म्हणजे दीड वाजता नवं जेवणच.

आणि खायचा सोडा. सोडा आम्लाला भेटला की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. एक ग्रॅम सोड्याची आम्लाशी पूर्ण क्रिया झाली तर सुमारे ३०० मिलिलिटर वायू होतो, म्हणजे दीड पेला. एक सपाट चमचा सोडा साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातला जेवढ्याला आम्ल मिळेल तेवढाच लगेच फसफसतो, पण पोट फुगायला तेही पुरतं. शिवाय सोड्याच्या वजनात २७ टक्के सोडियम असतं. एका चमच्यात सव्वा ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं सोडियम २ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा उपाय टाळावाच. पुडीतल्या फ्रूट सॉल्टचं मूळही सोडाच आहे. ती कधीतरी घेणं वेगळं, रोज जेवणानंतर घेणं वेगळं.

३. ‘पित्त’ म्हणजे नक्की काय?

मराठीत पित्त हा शब्द फार कामं करतो. माणसाचं पित्त खवळतं, अंगावर पित्त उठतं, सकाळी पित्ताची उलटी होते आणि जेवणानंतर पित्त वर येतं. आयुर्वेदात ‘अम्लपित्त’ हा स्वतंत्र विकार आहे. माधवनिदानात त्याचे वर जाणारा आणि खाली जाणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि वर जाणाऱ्याचं वर्णन आजच्या रोग्याच्या तक्रारीशी चांगलंच जुळतं.

आधुनिक शरीरशास्त्रात मात्र दोन द्रव वेगळे आहेत. हिरवट-पिवळा पित्तरस यकृतात तयार होतो आणि जठराच्या पुढच्या आतड्यात उतरतो. आपली जळजळ करतो तो जठररस. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ साली दाखवून दिलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर एक विलक्षण घटना घडली होती. १८२२च्या जूनमध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कातडी-व्यापारातल्या कामगाराच्या पोटात जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधी पूर्ण बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि १८३३ साली त्याचं पुस्तक केलं. एका गरीब माणसाच्या न भरलेल्या जखमेतून पचनाचं विज्ञान उभं राहिलं. त्याला स्वतःला या प्रयोगांचा कंटाळा येई आणि तो अधूनमधून निघून जाई, हे वाचताना मला त्याच्याबद्दल कणव वाटते.

शब्दाचं आणखी एक कोडं मला फार आवडतं. अंगावर उठणारं पित्त आणि पोटातलं पित्त, दोन्हींना आपण एकच नाव दिलं. शास्त्र सांगतं की दोन्हीकडे हिस्टामिन नावाचं एकच रसायन काम करतं. कातडीत ते एका प्रकारच्या कुलपाला लागतं आणि गांधी उठतात, जठरात ते दुसऱ्या प्रकारच्या कुलपाला लागतं आणि आम्ल पाझरतं. म्हणून अंगावरच्या पित्ताची गोळी जळजळीवर चालत नाही. घरात मात्र दोन्हींना आमसूलच पुढे येतं, एकीकडे अंगाला लावायला, एकीकडे प्यायला. आमसुलाच्या पाण्याने बरं वाटणारे पुष्कळ आहेत. अन्ननलिका आतून सोलवटलेली असेल तर मात्र कोणतंही आंबट झोंबतंच.

४. कुकरची शिट्टी

जठरात दिवसाला दीड ते दोन लिटर रस पाझरतो. त्याची तीव्रता मोजायची पट्टी म्हणजे पीएच. पट्टीवर आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र, आणि प्रत्येक पायरीला दहापटीचा फरक. शुद्ध पाण्याचा आकडा ७. जठरातला उपाशीपोटी साधारण १.५ ते ३.५. उदाहरण घ्या : पीएच ४ असलेला द्रव आणि पीएच २ असलेला द्रव. फरक दोन पायऱ्यांचा, म्हणजे दहा गुणिले दहा, शंभरपट.

इतकं तीव्र आम्ल जठराला का जाळत नाही? जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं आणि वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. अन्ननलिकेला हे चिलखत नाही. तिचं अस्तर गालाच्या आतल्या कातडीसारखं आहे, घास सरकवण्यापुरतं. तेच आम्ल चार बोटं वर सरकलं की निखारा होतं.

मग ते वर येतं कसं? साधारण २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं आहे, तीन-चार सेंटिमीटर उंचीचं. बटव्याची नाडी ओढून बांधावी तसं ते आवळलेलं असतं. बाहेरून श्वासपटलाचे स्नायूही त्याला चिमटीत धरतात. घास आला की नाडी सैल होते, घास गेला की पुन्हा आवळते.

घास नसतानाही ही नाडी अधूनमधून आपणहून सैल होते. हे बिघडल्याचं लक्षण नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. जेवताना, बोलताना आपण हवा गिळतो, ती बाहेर पडायला वाट हवी. जठराचा वरचा भाग ताणला गेला की तो मेंदूला कळवतो, मेंदू नाडी काही सेकंद सोडतो, आणि ढेकर येतो.

आता कुकर आठवा. डाळ बेताची असेल तर शिट्टीतून नुसती वाफ जाते. कुकर गळ्यापर्यंत भरला असेल तर त्याच शिट्टीतून वाफेबरोबर डाळीचं पिवळं पाणी उडतं आणि ओटा खराब होतो. शिट्टी बिघडलेली नसते. डाळही नेहमीचीच असते. भरणं जास्त झालेलं असतं. कोरडा ढेकर आणि आंबट ढेकर यांच्यातला फरक बऱ्याच वेळा एवढाच असतो.

काहींच्या बाबतीत कडंच ढिलं पडतं. जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकला, म्हणजे हायटस हर्निया झाला, तर स्नायूंचं कडं आणि श्वासपटलाची चिमटी एकमेकांपासून दूर जातात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे स्नायू सैलावतात आणि वाढतं बाळ खालून दाबतं. पोटावरची चरबीही तसंच दाबते. तंबाखूतलं निकोटिन नाडी सैल करतं, मग ते विडीतून येवो की मिश्रीतून. सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या कित्येक बायका जळजळीचा दोष चहाला देतात. रक्तदाबाच्या आणि छातीच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. त्या आपल्या मनाने थांबवायच्या नसतात, डॉक्टरांना विचारायचं असतं.

५. तर्री कुठे असते?

जेवणानंतर अन्न जठरातल्या आम्लाला शोषून घेतं, सौम्य करतं. मग जेवल्यावरच जळजळ का व्हावी?

२००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. त्यांना दिसलं की जेवणानंतर जठराच्या अगदी वरच्या टोकाला, नाडीच्या खालीच, न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक थर साचतो. खालचं अन्न सौम्य, वरचा थर जहाल. मिसळीच्या ताटलीत तर्री जशी वर तरंगते, तशी ही आम्लाची तर्री. पोट भरून दाराशी आलं की ढेकराबरोबर पहिली उडते ती हीच.

समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट ज्या औषधांत असतं, ती इथे उपयोगी पडतात. आम्लात पडल्यावर अल्जिनेटचा जाडसर लगदा होतो, वायूचे बुडबुडे त्याला वर उचलतात, आणि तो दुधावरच्या सायीसारखा नेमका त्या तर्रीवर पसरतो. म्हणून ते जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं असतं, उपाशीपोटी नव्हे.

६. शतपावली, वामकुक्षी आणि दोन विटा

मला विचाराल तर जळजळीच्या उपायांत सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे घड्याळ. काय खाल्लं याची चौकशी घरोघरी होते, कधी खाल्लं आणि कधी निजलो याची होत नाही.

एक उदाहरण करून पाहू. घन जेवणाचा निम्मा भाग जठरातून पुढे सरकायला साधारण दोन तास लागतात, जवळपास सगळा जायला चार. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं झालं, तर निजताना बहुतेक सगळं जेवण जठरातच असतं, वर तर्री. तेच जेवण आठला झालं असतं तर साडेदहाला निम्म्याहून कमी उरलं असतं. जेवण तेच, आम्ल तेच. भरलेला तांब्या आडवा करणं आणि अर्धा रिकामा तांब्या आडवा करणं, एवढाच फरक. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. लोकलने धक्के खात साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला तीन तास कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे. त्यावर मला एकच मार्ग व्यवहार्य वाटतो : संध्याकाळी सहा-सातला डब्यातली पोळी-भाजी खाऊन घ्यायची आणि घरी गेल्यावर वाटीभर मऊ भात किंवा भाकरीचा तुकडा, पोट ताणणार नाही इतकाच.

जेवणानंतरची शतपावली याच हिशेबात बसते. चालताना शरीर उभं असतं आणि आम्ल खाली राहतं. ती रमतगमत असावी. जेवून लगेच वाकणं, ओझी उचलणं, पोट आवळणारी आसनं करणं यांनी मात्र पिशवी दाबली जाते.

आणि वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आपण तिचा अर्थ दुपारची डुलकी एवढाच करून ठेवला, पण शब्दात बाजू सांगितलेली आहे. जठराचा मोठा फुगवटा डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या अंगाने मिळते. डाव्या कुशीवर निजलं की द्रव खालच्या फुगवट्यात साचतो आणि दार त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर निजलं की दारच तळ्यात बुडतं. मोजमाप करणाऱ्या अभ्यासांतही डाव्या कुशीवर अन्ननलिकेतलं आम्ल लवकर साफ होताना दिसलं आहे.

उशाखाली उशा रचण्याचा उपाय बहुतेक जण करून बसलेले असतात. त्याने मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं. उंच करायचं ते पलंगाचं अख्खं डोकं. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली पक्क्या बसतील अशा दोन-दोन विटा एकावर एक ठेवल्या की साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. जमिनीवर निजणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून वर चढत जाणारा उतार करावा, घड्या घातलेल्या वाकळांचा चालतो. पहिल्या दोन रात्री घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

७. ताटातलं काय?

पथ्याच्या लांब याद्या मला पटत नाहीत. प्रत्येकाचं घशाशी आणणारं वेगळं असतं. तरी काही गोष्टींमागे कारणं आहेत. तेलकट-तुपकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. दारू नाडी सैल करते. पुदिनाही करतो, म्हणून जेवणानंतरची पेपरमिंटची गोळी थंडाव्याच्या नावाखाली आग वाढवू शकते.

उपवासाच्या दिवशी इतक्यांना पित्त का होतं, याचं उत्तरही इथे आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाट्याचा कीस, वेफर्स : ताट जड आणि स्निग्ध. मध्ये रिकाम्या पोटी चारदा चहा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी पाहून म्हटलेलं आहे. वरी-भगर, ताक, केळं यांवर उपवास करणाऱ्यांचा अनुभव बराच वेगळा असतो.

मिरचीची गोष्ट निराळी. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक ग्राहक आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ साली मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीने शोधलं, आणि २०२१चं नोबेल त्यांना या मार्गावरच्या कामासाठी मिळालं. हे ग्राहक तीन गोष्टींनी जागं होतं : मिरची, सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता आणि आम्ल. म्हणजे तिखट, चटका आणि आंबट ढेकर हे मेंदूला एकाच तारेवरून कळतात. आम्लाने आधीच हुळहुळ्या झालेल्या अन्ननलिकेवरून ठेचा गेला की आग दुप्पट वाटते. आम्ल वाढलेलं नसतं, तार ताणलेली असते.

स्वतःचं कारण शोधायचं तर दोन आठवडे वही ठेवा. जेवणाची वेळ, काय, किती, निजण्याची वेळ, त्रास झाला का. समजा एखादीला वांग्याचा संशय आहे. चौदा दिवसांत वांगं चारदा झालं, जळजळ पाचदा. दोन्ही एकत्र आलं ते फक्त दोनदा, आणि त्या दोन्ही दिवशी जेवण साडेदहाला होतं. उरलेल्या तीन जळजळीही उशिराच्या जेवणाच्याच. वांगं सुटलं, घड्याळ सापडलं.

८. गोळीची वेळ

औषधं तीन जातींची. पहिली अँटासिडं, झालेल्या आम्लाला जागीच मारणारी. त्यांतल्या मॅग्नेशियमने पोट सैल होतं आणि ॲल्युमिनियमने घट्ट, म्हणून दोन्ही एकत्र देतात. दुसरी जात हिस्टामिनचं जठरातलं कुलूप बंद करणारी. तिचा पाया जेम्स ब्लॅक यांनी घातला, त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. या जातीतल्या रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए हे घातक द्रव्य आढळल्यावर २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं. आज फॅमोटिडिन वापरतात.

तिसरी जात ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांची, घराघरात ‘सकाळची पित्ताची गोळी’ म्हणून ठाऊक असलेली. जठराच्या पेशींत आम्ल ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी फक्त चालू असलेले पंप कायमचे बंद करते. झोपलेल्या पंपांना ती शिवत नाही, आणि पंप जागे होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पहिल्या दिवशी थोडेच पंप सापडतात, पुरता गुण यायला तीन-चार दिवस लागतात. रात्री दीडला आग विझवायला ही गोळी निरुपयोगी, हे कुणी सांगत नाही म्हणून लोक ती घेऊन वाट पाहत बसतात.

योग्य रोग्याला हे औषध वरदान आहे. मला खटकतं ते सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षं घेणं. जास्त काळ घेतल्यास काहींच्या शरीरात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडतं. एकदम सोडली तर आम्ल उसळतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीचं औषध दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. बंद केल्यानंतरच्या आठवड्यांत औषधवाल्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. मुळात त्रास नसलेल्यांची ही गत, मग ‘गोळी सोडली की पित्त होतंच’ असं म्हणणाऱ्यांचं काय होत असेल! सोडायची तर डॉक्टरांना विचारून, मात्रा हळूहळू उतरवत. डॉमपेरिडोन मिसळलेली गोळी दुकानातून आपणहून आणणं तर टाळाच. त्याचा काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

गोळ्यांबद्दल आणखी एक. अंगदुखीच्या, हाडांच्या आणि काही अँटिबायोटिकच्या गोळ्या कोरड्या गिळून आडवं झालं तर त्या अन्ननलिकेतच चिकटतात आणि तिथे व्रण करतात. पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास बसून राहणं, एवढ्याने ते टळतं.

९. दुर्बीण आणि बटण

घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, रक्त कमी निघालं असेल, किंवा पन्नाशी-साठीनंतर हा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर घरचे उपाय थांबवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी. आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ होणं आणि महिनोन्महिने तसंच चालणं हेही जाण्याचं कारण आहे. दमा नसताना रात्रीचा खोकला, सकाळचा बसलेला आवाज, दातांचं झिजलेलं आवरण यांमागेही कधी कधी हेच आम्ल असतं.

दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते. अनेकांची अन्ननलिका तीत स्वच्छ दिसते. मग घरी येऊन लोक म्हणतात, ‘रिपोर्टमध्ये काहीच नाही,’ आणि ऐकणारे त्याचा अर्थ ‘मनाचे खेळ’ असा लावतात. हे फार अन्यायाचं आहे. व्रण न होताही आम्ल वर येऊ शकतं, आणि थोडंसंच आलं तरी ताणलेली तार किंचाळू शकते.

अशा वेळी आणखी एक तपासणी करतात. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडून तिचं टोक नाडीच्या थोडं वर ठेवतात. कमरेला डबी. चोवीस तास रोजच्यासारखं जगायचं, जेवायचं, झोपायचं. म्हणजे १४४० मिनिटं. त्यांतली ४ टक्के, जवळपास ५८ मिनिटं, पीएच चारच्या खाली गेलेला असला तरी ते सामान्यच धरतात, कारण निरोगी माणसाचंही आम्ल दिवसातून थोडं वर येतंच. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे ८६ मिनिटांच्या पुढे गेलं की दार खरोखरच ढिलं आहे असं समजतात. डबीवर एक बटण असतं. रात्री दीडला छातीत आग झाली की रोग्याने ते दाबायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आलेख उलगडतात आणि बटणाची खूण कुठे पडली, त्या क्षणी आम्ल वर होतं की नव्हतं, ते रोग्याच्या शेजारी बसून पाहतात.